बेथेस्दा फोरची तबकडी

पप्पांचा फोन वाजला तेव्हा मी दुधी किसत होते, आणि काय वाजतंय हे मला आधी कळलंच नाही. तो फोन वाजत नसे. ज्याला बोलता येत नाही त्याला कुणी फोन करत नाही. गेली सहा वर्षं त्यावर नुसते निरोप यायचे, सकाळची वचनं, सणाची फुलं, कुणाच्या तरी नातवाचा फोटो. पप्पा जूनमध्ये गेले. त्यानंतरही मी तो दोन दिवसांआड चार्जिंगला लावत राहिले आणि पुन्हा फ्रिजवर ठेवत राहिले, कारण त्याची जागा तीच होती. आता तो थरथरत फ्रिजच्या कडेकडे सरकत होता. हात दुधीच्या पाण्यानं ओले होते, ते मी पुसले नाहीत. पलीकडून एका मुलीनं अदबीनं विचारलं, "शांतवन अमोलिक सरांशी बोलता येईल का?" मी म्हटलं, "ते नाहीत." ती म्हणाली, "मग कधी करू?" आणि मला त्या क्षणी खरोखर असं वाटलं की संध्याकाळी करा म्हणावं. ते मी म्हटलं नाही. जे होतं ते सांगितलं. तिनं माफी मागितली. मग म्हणाली की तिचं नाव तेजल, जुन्या, कुणाला माहीत नसलेल्या रेकॉर्ड शोधून पुन्हा काढणारी एक कंपनी आहे, तिच्यासाठी ती हे काम करते, आणि सरांच्या आल्बमसाठी तिनं फोन केला होता.

"कसला आल्बम?" मी विचारलं. माझ्या डोळ्यासमोर आईपप्पांच्या लग्नाचा, काळ्या पानांचा आल्बम आला.

"मॅडम, त्यांचा बँड होता ना. बेथेस्दा फोर. चौऱ्याहत्तरची एलपी आहे, 'कुंडाकाठी'. म्हणजे बघा, ख्रिस्ती शब्द, मराठी भाषा आणि चक्क ब्लूज-रॉक. असं त्या वेळी कुणीच करत नव्हतं. जर्मनीत एका कलेक्टरकडे कव्हर आहे, पण आतली रेकॉर्ड दोन तुकडे झालेली. आख्खी कॉपी आम्हाला कुठेच सापडत नाहीये. कव्हरच्या मागे लिहिलंय, गायन आणि गिटार, शांतवन अमोलिक, अंबरनाथ."

तिनं आणखीही बरंच सांगितलं. मी 'गायन' या शब्दापाशी थांबले होते.

पप्पा अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यात होते. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या शर्टाला गंधकाचा एक पुसट वास असायचा, आणि तो वास, रविवारी चर्चमध्ये तिसऱ्या रांगेत त्यांच्या शेजारी बसल्यावर, इस्त्रीच्या वासात मिसळायचा. गीतं सुरू झाली की ते गायचे, पण इतरांच्या आवाजाखालून, जणू कुणाची झोपमोड होऊ नये. घरात गिटार नव्हती. मी कॉलेजात होते तेव्हा आई गेली, मग आम्ही दोघंच राहिलो, आणि एकमेकांना पुस्तकं वाचून दाखवायची सवय आम्हाला त्याच काळात लागली. म्हणजे वाचायचे तेच. मी पोळ्या लाटायची आणि ते स्टुलावर बसून वाचायचे. हे सगळं मला नीट आठवतं, स्टुलाचा एक पाय आखूड होता हेसुद्धा. आठवत नाही तो त्यांचा आवाज. सहा वर्षांपूर्वी त्यांचं स्वरयंत्र काढलं, श्वासापुरतं गळ्याला एक भोक ठेवलं. त्यानंतर गळ्याला टेकवायचं एक मशीन मिळालं, बॅटरीवर चालणारं. बटण दाबलं की ते गुणगुणायचं आणि ओठ हलतील तसे त्या गुणगुणण्याचे शब्द व्हायचे, सगळे एका पट्टीतले, न चढणारे, न उतरणारे. त्या आवाजाची मला इतकी सवय झाली की तो हळूहळू मागे झिरपत गेला. मी चार वर्षांची आहे, चिखलोलीच्या वाटेवर पुढे पळतेय आणि पप्पा मागून हाक मारतायत, "प्रगती, थांब", तर ती हाक त्या मशीनमधून येते. पोळ्या लाटतेय आणि ते वाचतायत, तर मशीन वाचतं. स्मरण म्हणजे पुन्हा पुन्हा नक्कल केलेला कागद, हे मी वर्गात मुलांना किती वेळा सांगितलं असेल. पण त्या नकलेत मूळ अक्षरच पुसून जातं आणि वरून दुसऱ्याच हाताचं अक्षर येतं, हे मला माहीत नव्हतं. मी कुणाला हे सांगितलं नव्हतं. सांगून काय म्हणायचं, की मला बाप आठवतो पण तो यंत्रासारखा बोलतो? आमच्या जुन्या फोनांवर त्यांचं काही नव्हतं. चित्रफिती सगळ्या लग्नांच्या, त्यात ते मागे उभे, हात बांधून.

"मॅडम, आहात ना?" तेजल म्हणाली. "मिळाली तर एकच रिक्वेस्ट आहे. प्लीज, प्लेअरवर लावू नका. जुन्या सुईनं खोबण्या जातात. आमच्याकडे साफ करायची, कॉपी करायची वेगळी सोय आहे. एकच कॉपी असेल तर तिला हातही न लावलेला बरा."

मी बरं म्हटलं. दुधी काळा पडला होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी अंबरनाथला गोदूआत्याकडे गेले. आत्या पप्पांहून नऊ वर्षांनी लहान, मंडळीच्या महिला संघाची आयुष्यभराची खजिनदार. तिच्या घरी गेलं की पहिलं काहीतरी निवडायला बसावं लागतं. तिनं माझ्यापुढे मेथीची जुडी टाकली आणि माझं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पदराला पुसला.

"म्हणजे तुला ठाऊकच नव्हतं?"

"कसं असेल? कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? तू तर लहानपणापासून बघत आलीस. काळी थाळी गं. हंगामाच्या सणाला टेबलावर असते ती."

मला मेथीची काडी मोडायला वेळ लागला. आमच्याकडे भात घरात आला की एका रविवारी हंगामाचा सण असतो. ज्याच्या त्याच्या पहिल्या फळातलं चर्चमध्ये आणून वेदीपुढच्या टेबलावर ठेवायचं. आता शेत कुणाकडे उरलेलं नाही, म्हणून भोपळ्यांबरोबर केक, लोणच्याच्या बरण्या, पाय बांधलेली एखादी कोंबडी, आणि एकदा कुणीतरी आणलेला टेबलफॅन. उपासना झाली की अंगणात त्याच वस्तूंचा लिलाव. खरी गंमत त्यातच; दोघं भाऊ एका नारळासाठी भांडल्यासारखं करतात, भाव चढवतात, आणि जो जिंकतो तो नारळ पुन्हा टेबलावर ठेवून म्हणतो, परत अर्पण. त्या टेबलावर दर वर्षी एक काळी, चकचकीत, मध्ये भोक असलेली थाळी असायची. मी लहानपणी तिच्यात तोंड बघितलं होतं. जो ती घ्यायचा तो वर्षभर घरी ठेवायचा आणि पुढच्या सणाला परत आणायचा. तिला सगळे 'शांतवनची थाळी' म्हणायचे, आणि मला वाटायचं की ती पहिल्यांदा पप्पांनी दिली असेल, म्हणून.

"दिलीच त्यानं," आत्या म्हणाली. "त्याचं पहिलं फळ ते. चर्चचे पंच नको म्हणाले होते. हे हॉटेलातलं संगीत, वेदीपुढे नको. पाळक तेवढे बरे होते, त्यांनी घरी बोलावून गाणं म्हणायला लावलं. तो बेथेस्दाच्या कुंडावरचा माणूस नाही का, वर्षानुवर्षं आजारी, पाणी हललं की दुसराच आधी उतरतो, त्याच्यावर गाणं. पाळकांनी ऐकलं आणि म्हणाले, अरे शांतवन, पण प्रभूनं त्याला बरं केलं ते कुठे आहे यात? तर हा काय म्हणाला माहितीय? ते पुढच्या तबकडीत."

"आणि पुढची?"

"पुढची कुठली. पहिलीच खपली नाही. चर्चच्या मागच्या खोलीत खोकी पडून होती. मदतीचं धान्य आलं, जागा हवी झाली, तेव्हा यानंच हातगाडीवर घालून उल्हासनगरच्या कॅम्पात नेली, चपलांचे तळ करायचा तो सिंधी होता ना, त्याच्या भट्टीत. म्हणाला, बरंय, लोकांच्या पायाखाली तरी येऊ दे. एक तेवढी टेबलावर होती म्हणून वाचली."

ती हे हसत सांगत होती, आणि मी बघत होते की ती मधूनमधून डाव्या हातानं उजवं मनगट धरते. पप्पाही तसंच धरायचे. "आता कुणाकडे आहे?" मी विचारलं.

"गेल्या साली महिपतीनं घेतली. बदलापूर गावातला, यांचा तो ढोलकीवाला. ख्रिस्ती नाही तो, पण लिलावाला न चुकता येतो. तू नव्हतीस ना तेव्हा." नव्हते. मी चर्चला जाणं हळूहळू कमी केलं होतं, भांडण न करता. पप्पांना दाराशी सोडायचे आणि पुस्तक घेऊन गाडीत बसायचे. आत्यानं मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. म्हणाली, "ती पोरगी विकत मागत असेल तर सांग, ती माझी नाही, तुझी नाही, महिपतीचीही नाही. अर्पण केलेली आहे. हवं तर सणाला ये म्हणावं, मंडळीपुढे विचार म्हणावं. आम्ही काय खाणार आहोत तिला?" मग थोड्या वेळानं, मेथीकडे बघत, "पण तुला ऐकायची असेल तर त्याला कुणाला विचारायला लागत नाही."

बदलापूर गाव माझ्या इमारतीच्या गच्चीवरून दिसतं. नदीकडे उतरत गेलेली कौलं, त्यात मधूनमधून निळे पत्रे, देवळाचा कळस. बारा वर्षं मी त्याकडे तोंड करून कपडे वाळत घातले, आणि तिथे माझ्या वडिलांचा एक मित्र राहतो हे मला माहीत नव्हतं. पप्पा संध्याकाळी फिरायला म्हणून जायचे ते कुठे, हे मी विचारलं नव्हतं. ज्याला एक वाक्य बोलायला बटण दाबावं लागतं त्याला आपण कमी प्रश्न विचारतो, आणि त्याला आपण काळजी म्हणतो. रविवारी सकाळी रिक्षा पुलाशी सोडून मी चालत गेले. महिपती पाटील ओटीवर बसून चाळण दुरुस्त करत होते. लहानखुरे, डोक्यावर टोपी, बोटं मात्र एखाद्या उंच माणसाची.

"कोन गो?" ते म्हणाले, आणि मी सांगायच्या आत, "शांतवनाची पोर. नाक तोच हाय. बस. च्या घेशील ना?"

थाळीचं नाव काढताच ते आत गेले आणि ती दोन हातांवर आडवी धरून घेऊन आले, जशी पूजेचं ताट आणतात. नव्या पंच्यात गुंडाळलेली. पंचा सोडला तर आधी वास आला. खोबरेल तेलाचा, जुना, खवट. तबकडी आरशासारखी चमकत होती. मधला कागद तेल पिऊन पारदर्शक झाला होता, त्यावर एक अक्षर उरलं नव्हतं.

"तेल लावलंय?"

"मंग? दर साली लावायचा. ज्याच्या घरी असंल त्यानं सनाच्या आदल्या दिवशी. देवापुढं ठेवायची वस्तू, ती काय अशीच न्यायची? मी तर यंदा दोनदा लावला. तुजा बापूस आजारी, म्हनलं झळाळू दे जरा."

पन्नास वर्षं. पन्नास घरांनी तिला लाडानं तेल लावलं होतं, मऊ फडक्यानं, गोल गोल, आणि तेलावर धूळ, धुळीवर पुन्हा तेल. कुणीही ती वाजवली नव्हती, कारण वाजवायचं यंत्र कुणाकडे नव्हतं. मला तेजलचा चेहरा माहीत नव्हता, पण तो आत्ता कसा झाला असता हे मला दिसलं. महिपतीकाका माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं की काहीतरी चुकलंय. "तेल लावू नये व्हय?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, "तसं नाही काका." ते पुन्हा म्हणाले, "तुज्या बापसानं बघितला मला लावताना. हितंच बसला व्हता. काय बोल्ला नाय. उलट ते मशीन गळ्याला लावून बोल्ला, कडेला राहिलाय बघ." आणि ते हसू लागले, आणि मग टोपी काढून त्यांनी तिनेच तोंड पुसलं. "लिलावात माज्यावर बोली लावत व्हता तो. मशीननं. सगली मंडली गप. बिचाऱ्याला घेऊ दे, असा सगल्यांचा विचार. म्हनून मी चढवली. म्हनलं, गप रे, तुला काय करायची, तू तर आता मोटारीवानी बोलतोस. किती हसला. आवाज नाय, नुसता हलला."

मी तो हलण्याचा प्रकार ओळखत होते. खांदे आधी हलायचे, मग पोट. महिन्या-दोन महिन्यांत कधी कुणी त्यांची अशी थट्टा केली की त्या दिवशी ते नीट जेवायचे, हे मला आत्ता आठवलं. मी मात्र सहा वर्षं त्यांच्याशी दवाखान्यातल्यासारखी बोलले. ओटीवर बसून मी चहा प्यायले. तबकडी आमच्या दोघांच्या मध्ये होती, तिच्यात छपराचा वासा दिसत होता. काकांनी सांगितलेलं मी मनात जुळवत होते: कुणीतरी तरुण, अंबरनाथला राहणारा, अमेरिकन मिशनरी परत जाताना टाकून गेलेल्या रेकॉर्ड ऐकतो, त्यातल्या काळ्या माणसांचं दुःख त्याला आपल्या आजीच्या ओवीसारखं वाटतं, एकच ओळ दोनदा, मग तिसरी उत्तराची, तो गिटार मिळवतो, मित्र मिळवतो, गावातला ढोलकीवाला मिळवतो, गातो. मग एक दिवस गात नाही. मधल्या जागी काय झालं? मी महिपतीकाकांना विचारलं. ते म्हणाले, "झाला काय? कारखाना लागला. मना शेती लागली. लगनं झाली. आमी काय भांडलो नाय. नंतर कधी वेल पडला नाय, येवडाच." मला दुसरं काही हवं होतं, एखादी जखम, एखादा अपमान, ज्यावर बोट ठेवता येईल. माणसं अशीही गप्प होतात, भरल्या घरात, हे मी पुस्तकांत वाचलं होतं आणि पुस्तकांतच ठेवलं होतं.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये हरेशभाईंचं दुकान आहे. लग्नाचे मोठे स्पीकर, अॅम्प्लिफायर, दुरुस्ती. त्यांच्याकडे जायचं महिपतीकाकांनी ठरवलं, आणि स्वतः बरोबर यायचंही. रिक्षात ते थाळी मांडीवर घेऊन बसले आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी तिला उचलून धरायचे. दुकानात हरेशभाई दाल-पकवान खात होते. साठीचे, पोट सुटलेले, कानात लहानशी बाळी. पंचा सोडताच त्यांनी हात पुसले.

"ये तो अपनी है," ते म्हणाले. "ताई, माहीत आहे तुम्हाला? मेरे बाप की भट्टी थी. सगळी खोकी आमच्याकडेच आली होती. माझा बाप बोलला, शांतवन, एक बार सोच ले. तुमचे पप्पा बोलले, सोच लिया, साईं. फिर दोनों ने साथ में चाय पी और डाल दिया. चांगल्या चपला झाल्या, हां. टिकाऊ. हमारे घर में सबने पहनी."

"तुज्या बापसानं पैलेच सांगितला व्हता, गाना नाय चालनार, चपला चालतील," महिपतीकाका म्हणाले, आणि दोघं म्हातारे असे हसले की मला बाजूला बघावं लागलं.

हरेशभाईंनी आतून पसरट घमेलं आणलं, कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे थेंब, आणि दाढीचा नवा ब्रश. खोबणीच्या दिशेनं, गोल, अगदी हलक्या हातानं ते धुवू लागले. पाणी राखाडी झालं, मग काळं. तीनदा पाणी बदललं. खवट वासाच्या आतून दुसरेच वास येत राहिले, धूप, पुठ्ठा, कुणाच्या तरी कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. मी घमेल्याशेजारी स्टुलावर बसले होते आणि मला वाटत होतं की पप्पांच्या प्रेताला आंघोळ घालताना मी अशीच बसले होते, पायांशी, काही न करता. पाळकांच्या बायकोनं आणि आत्यानं सगळं केलं होतं. गळ्यावरच्या त्या भोकावर आत्यानं आधी कापूस ठेवला, पाणी आत जाईल म्हणून. मला तेव्हा म्हणावंसं वाटलं होतं की आता जाऊ दे की.

तबकडी सुकेपर्यंत मी त्यांना तेजलचं आणि मंडळीचं सांगितलं; मग त्यांनी ती दिव्याखाली तिरकी धरली. एक बाजू टेबलांवर घासून पांढुरकी झाली होती. दुसऱ्या बाजूच्या खोबण्या दिसत होत्या. "ही वाजेल," ते म्हणाले. "पण ताई, खरं सांगतो. पन्नास साल का तेल है, पूरा नहीं गया. सुई आत जाईल तर खरवडेल. एक बार में थोडा जाएगा, दुसरी बार में और. वो लडकी सही बोल रही है. तिला दिली तर मशीनवर वाचवतील."

"किती दिवसांत?"

"दिवस? ये लोग महीने लगाते हैं. आणि तुमच्या मंडळीनं हो म्हटलं तर."

माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. तेजलचाच निरोप असणार होता. सकाळपासून ती विचारत होती. एका बाजूला शहाणपण होतं, आणि मी आयुष्यभर त्याच बाजूला राहिले आहे. जी वस्तू एकच आहे ती जपावी, काचेआड ठेवावी, पुढच्यांसाठी ठेवावी. पण पुढच्यांचा हा आवाज हरवलेला नाही. त्यांच्या डोक्यात बापाच्या तोंडून मशीन बोलत नाही. महिनाभर थांबले तर महिनाभर ते मशीन आणखी मागे मागे जाईल, आणि मग एक दिवस, समजा, मी दोन वर्षांची आहे आणि मला कुणीतरी झोपवतंय, तिथेही ते पोचेल. त्याच्यामागे काही उरणार नाही. महिपतीकाका दाराकडे तोंड करून बसले होते. त्यांनी मुद्दाम पाठ फिरवली होती, म्हणजे माझ्या ठरवण्यात त्यांचा चेहरा यायला नको.

"लावा," मी म्हटलं.

आधी नुसती खरखर, चूल पेटावी तशी. मग ढोलकी आली, जरा मागे पडून येणारी, आणि खाली कुणीतरी जाड तारेवर एकच सूर ओढत धरलेला. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. आणि आवाज आला.

*कुंडाकाठी बसलो, पाणी हलेना रे,*
*कुंडाकाठी बसलो, पाणी हलेना रे,*
*हललं तेव्हा माझ्याआधी दुसराच उतरला.*

कोवळा होता. उंच होता, थोडा नाकातला, 'रे' वर मुद्दाम फाटणारा. बावीस वर्षांच्या एका मुलाचा आवाज, ज्याला आपण चांगलं गातो हे माहीत आहे. मी वाट पाहत राहिले. आत काहीतरी उठेल, 'हेच' म्हणेल, चिखलोलीच्या वाटेवरची हाक या आवाजात बदलेल. दुसरं कडवं आलं. सुई एका जागी अडखळली, हरेशभाईंनी बोटानं हलकेच पुढे ढकलली. मला तो मुलगा आवडला. रस्त्यात भेटला असता तर आवडला असता. पण तो माझा कुणी नव्हता. महिपतीकाकांचे खांदे हलत होते, त्यांनी ओळखलं होतं. ते ज्याला ओळखत होते तो हा होता. मी ज्याला शोधत होते तो याच्या पुढे बारा वर्षांनी, माझ्या जन्मापासून सुरू झालेला, गंधकाच्या वासाचा, इतरांच्या आवाजाखालून गाणारा. त्याची तबकडी कुणी काढली नव्हती. मला वाटलं, आता उठावं, आभार मानावेत, रिक्षा बघावी. मी एकुलती एक गोष्ट खरवडायला लावली होती आणि ती माझी नव्हती.

"थांबवू का?" हरेशभाईंनी विचारलं. माझा चेहरा तसा झाला असावा.

"राहू द्या."

तिसऱ्या कडव्याआधी वाद्यं थांबतात. ढोलकी गप्प, तार गप्प, नुसती खरखर. त्या रिकाम्या जागेत, गाणं सुरू व्हायच्या आधी, त्या मुलानं श्वास घेतला. माइक तोंडाजवळ असावा. श्वास दोन भागांत आला. अर्धा घेतला, जणू बोलावं की नाही असं वाटून थांबला, आणि मग उरलेला घेतला.

गळ्याला लावायच्या त्या मशीनला श्वास लागत नाही. शिकवणाऱ्या बाई पप्पांना पुन्हा पुन्हा सांगायच्या, काका, श्वास कशाला घेता, नुसतं बटण दाबा. हवा आता तोंडातून येतच नव्हती. पण शेवटपर्यंत, प्रत्येक वाक्याआधी, ते आधी श्वास घ्यायचे. गळ्याच्या भोकातून तो ऐकू यायचा. अर्धा, मग थांबणं, मग उरलेला, आणि त्यानंतर बटण. सहा वर्षं मी तो भिंतीपलीकडून ऐकला, तो आला की पुस्तक खाली ठेवायचे. आणि स्टुलावर बसून वाचताना, पान उलटल्यावर, नव्या पानाच्या पहिल्या शब्दाआधीही तो असायचा. मी पोळी लाटायची थांबायचे. हे मला आठवलं असं म्हणता येणार नाही; ते विसरलंच गेलं नव्हतं, मीच ते आवाजात धरलं नव्हतं.

गाणं संपलं. सुई मधल्या कोऱ्या जागेत फिरत राहिली. हरेशभाईंनी ती उचलली, टोकावर जमलेला काळा, तेलकट धागा चिमटीनं काढला आणि मला दाखवला. "बघा, इतना गया." मग ब्रश खाली ठेवून, अगदी सहज विचारलं, "बस?"

महिपतीकाका आता माझ्याकडे वळून बसले होते. डोळे लाल, टोपी हातात. "तिसऱ्या कडव्याला मी चुकलो व्हतो," ते म्हणाले. "मी वाजवायचाच विसरलो. तो आपला वाट बघत राह्यला, आन मग तसाच गायला."

"पुन्हा लावा," मी हरेशभाईंना म्हटलं. "तिथूनच."

त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं. डोळे बारीक करून खोबण्यांमधली, वाद्यं थांबतात तिथली चकचकीत रेघ शोधली आणि सुई तिच्या जरा अलीकडे टेकवली. खरखर आली. ढोलकी थांबली. पप्पांनी श्वास घेतला, अर्धा, आणि मी थांबले.